ट्रेनिंगमधला प्रसंग-सराव: प्रसंग लिहिण्यापासून नंतरच्या चर्चेपर्यंत

ट्रेनिंगच्या खोलीत एक प्रश्न हमखास विचारला जातो: "अशा वेळी तुम्ही काय कराल?" उत्तरही हमखास येतं: "नियमाप्रमाणे करू, वरिष्ठांना कळवू." सगळे माना डोलावतात आणि स्लाइड पुढे सरकते. उत्तर चुकीचं नसतं. पण त्या उत्तरात कुणाला घाई नसते, फोन वाजत नसतो, वरिष्ठ जागेवर असतात आणि नियम एकच असतो. प्रत्यक्ष कामावर नेमक्या याच चार गोष्टी एकदम बिघडतात.

प्रसंग-सराव म्हणजे हा बिघाड मुद्दाम खोलीत आणणं. चार-पाच जणांच्या गटाला एक परिस्थिती द्यायची, माहिती अपुरी ठेवायची, वेळ थोडा द्यायचा आणि शेवटी एक निर्णय मागायचा. मग तो निर्णय कसा झाला, यावर सविस्तर बोलायचं. नाटक, रोल-प्ले किंवा खेळ यांच्याशी त्याचं नातं आहे, पण इथे अभिनय दुय्यम असतो. मुख्य गोष्ट निर्णय. या लेखातल्या जवळपास सगळ्या सूचना त्याच एका गोष्टीतून निघतात: प्रसंग गोष्टीपासून सुरू करून लिहू नका, निर्णयापासून मागे येत लिहा.

सगळ्याच ट्रेनिंगला हा प्रकार लागत नाही. नवं सॉफ्टवेअर कसं उघडायचं, फॉर्म कुठे भरायचा, मशिन कुठल्या क्रमाने बंद करायचं, हे दाखवून, हाताने करवून घेऊन शिकवावं. त्यासाठी गट पाडून चर्चा घडवणं म्हणजे लोकांचा वेळ खाणं. जिथे नियम माहीत असूनही माणसं अडखळतात, तिथे प्रसंग-सराव कामाला येतो.

गट कशासाठी?

२८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ कोसळलं. उतरताना चाकांच्या यंत्रणेबद्दल शंका आली, म्हणून कॅप्टन सुमारे तासभर विमान हवेत फिरवत राहिला आणि इंधन संपलं. १० जणांचा जीव गेला. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमध्ये ठाऊक होतं आणि ते बोललंही गेलं होतं. पण ज्या जोराने सांगायला हवं त्या जोराने कुणी सांगितलं नाही, आणि कॅप्टनचं लक्ष चाकांवरून हललं नाही. पुढच्याच वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये याच कंपनीने वैमानिकांना एकत्र, संपूर्ण चमू म्हणून निर्णयांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. तोवर सिम्युलेटरवर मुख्य भर होता तो एकेकट्या वैमानिकाच्या हातावर.

आपल्या कामाच्या जागी विमानं पडत नाहीत, पण घडण तीच असते. एकाला माहीत असतं, दुसऱ्याला ठरवायचं असतं, आणि मधली वाट बंद असते. ती वाट एकेकट्याला शिकवून उघडत नाही.

पहिली पायरी: निर्णय शोधा

"तुम्हाला कशावर ट्रेनिंग हवंय?" असं विभागप्रमुखांना विचारलं की "कम्युनिकेशन", "ओनरशिप", "टीमवर्क" असे शब्द मिळतात. त्यांच्यावर प्रसंग लिहिता येत नाही. त्याऐवजी विचारा: "गेल्या काही महिन्यांत नंतर निस्तरत बसावं लागलं असं काय घडलं?" आणि मग: "त्यात कोणत्या क्षणी, कुणी वेगळं केलं असतं तर एवढं वाढलं नसतं?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा कच्चा माल.

बोलण्याबरोबर कागदही पाहा. तक्रारींची नोंदवही, परत आलेल्या मालाची नोंद, शिफ्ट बदलतानाचे निरोप, अपघात होता-होता टळल्याच्या नोंदी, ग्राहकांचे वैतागलेले मेल. माणसं सांगताना घटना सरळ करून सांगतात. कागदावर ती वेडीवाकडी सापडते, आणि आपल्याला वेडीवाकडीच हवी असते.

मग एक वाक्य लिहा: अमुक परिस्थितीत, अमुक माणसाला, हे करायचं की ते, हे ठरवायचं आहे. या वाक्याची एकच परीक्षा घ्या. दोन्ही पर्याय एखाद्या शहाण्या, प्रामाणिक माणसाने निवडले असते का? "खोटी नोंद करायची की खरी?" याला प्रसंग म्हणत नाहीत, ती परीक्षेतली रिकामी जागा झाली. "अपुरी पण खरी नोंद आत्ता पाठवायची, की पूर्ण नोंद उशिरा पाठवायची?" इथे माणसं खरोखर भांडतील.

दुसरी पायरी: प्रसंग लिहा

एक नमुना घेऊ. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत तोच वापरेन. प्रेसवर ब्रॅकेट बनवणाऱ्या कारखान्यातला हा काल्पनिक प्रसंग आहे.

संध्याकाळचे सव्वापाच. १००० ब्रॅकेटची ऑर्डर सहाच्या गाडीने निघायची आहे. शेवटच्या तपासणीत २० नमुन्यांपैकी एकावर केसासारखा बारीक तडा दिसला. या ग्राहकाला याआधी दोनदा माल उशिरा गेला आहे. त्यांचा माणूस दर अर्ध्या तासाने फोन करतोय. गाडी दारात उभी आहे. गटाने ठरवायचं: सहाच्या गाडीत काय चढवायचं, आणि ग्राहकाला नेमकं काय सांगायचं?

एवढंच. एका पानाच्या आत. प्रसंग निर्णयाच्या उंबरठ्यावर थांबला पाहिजे. पुढे काय झालं ते सांगायचं नाही. आकडे आणि वेळा नेमक्या द्या, कारण "थोडा उशीर" म्हटलं की प्रत्येक जण आपल्या सोयीचा उशीर धरतो. खलनायक ठेवू नका. आळशी ऑपरेटर किंवा उर्मट मॅनेजर प्रसंगात आला की गट त्याच्यावर सगळं ढकलून मोकळा होतो. पात्रांना नावांऐवजी पदं द्या. नाव दिलं की कुणीतरी हसतो आणि "हा तर आपल्याच विभागातला" सुरू होतं. खऱ्या घटनेवरून लिहीत असाल तर उत्पादन, विभाग, काळ सगळं बदला. त्या घटनेतली व्यक्ती खोलीत बसलेली असू शकते.

एक मोह टाळायचा, आणि तो लेखन जमणाऱ्यांना जास्त होतो: वातावरणनिर्मिती. पाऊस, वीज जाणं, मॅनेजरच्या घरची अडचण. निर्णयावर परिणाम करत नसेल ते सगळं काढा. एखाद-दुसरा निरुपयोगी तपशील मात्र मुद्दाम ठेवा, कारण महत्त्वाचं कोणतं हे ओळखणं हाही कौशल्याचाच भाग आहे.

तिसरी पायरी: माहिती वाटून टाका

बहुतेक जण सगळ्यांना एकच कागद देतात आणि "चर्चा करा" म्हणतात. मग ज्याचा आवाज मोठा त्याचा निर्णय होतो. सरावाचा अर्धा फायदा इथेच वाया जातो.

१९८५ मध्ये गॅरोल्ड स्टासर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी प्रतिनिधी निवडायचा होता. सगळी माहिती एकत्र केली तर एक उमेदवार उघडच चांगला होता, पण त्याच्या जमेच्या बाजू सदस्यांमध्ये विखरून दिल्या होत्या. बहुतेक गटांना तो उमेदवार सापडला नाही. गट बोलत राहिले ते सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर. जे एकालाच ठाऊक होतं ते मांडलंच गेलं नाही किंवा मांडून हरवलं. मीटिंगांमध्ये हेच चालतं, म्हणून सरावातही हेच रचायचं.

आपल्या नमुन्यात मूळ पान सगळ्यांना द्या. शिवाय प्रत्येकाला एकेक चिठ्ठी, फक्त त्याच्यासाठी:

क्वालिटीची चिठ्ठी: एक जरी तडा सापडला तरी पूर्ण लॉट थांबवायचा असा नियम आहे. सगळे १००० नग तपासायला ७ तास लागतील. लॉटचे भाग करायचे असतील तर क्वालिटी हेडची लेखी परवानगी लागते. त्या विमानात आहेत, आठ वाजता फोनवर मिळतील.

प्रॉडक्शनची चिठ्ठी: दुपारी दोन वाजता डाय (प्रेसवर नगाला आकार देणारा साचा) बदलली. त्याआधी ६५० नग झाले होते. तडा गेलेला नग दोननंतरच्या खोक्यातला आहे.

सेल्सची चिठ्ठी: ग्राहकाच्या सकाळच्या शिफ्टला ४०० नगच लागणार आहेत. बाकीचे दुपारपर्यंत आले तरी चालेल, असं त्यांचा स्टोअरवाला सहज बोलता बोलता म्हणाला होता. लेखी काही नाही.

डिस्पॅचची चिठ्ठी: रात्री साडेनऊला दुसरी गाडी मिळू शकते. ती शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पोहोचेल.

एकेकटी चिठ्ठी वाचली तर प्रत्येक जण आपापल्या खुंट्याला बांधलेला राहतो. चारही टेबलावर आल्या की वाट दिसते: आधीच्या ६५० मधले ४०० नग वेगळे काढून तपासायला घ्या, त्याला साधारण पावणेतीन तास लागतील, आठ वाजता परवानगी मागा, साडेनऊच्या गाडीने पाठवा, आणि ग्राहकाला हे आत्ताच सांगा. चिठ्ठ्या लिहिताना असा हिशेब स्वतः पूर्ण करून पाहा. आकडे जुळत नसतील तर गटातला हुशार माणूस ते पाचव्या मिनिटाला पकडतो आणि पुढचा तास तुमच्या चुकीवरच जातो.

चिठ्ठी दुसऱ्याला वाचायला द्यायची नाही, स्वतः बोलून सांगायची, असा नियम ठेवा. नाहीतर चौघं कागद मध्ये ठेवतात आणि सराव वाचनाचा होतो.

चौथी पायरी: मध्येच येणारी बातमी

गट एका निर्णयावर स्थिरावू लागला की नवी बातमी द्या. आमच्या नमुन्यात पंधराव्या मिनिटाला एक कागद येतो: "दुपारी दोनच्या आधीच्या खोक्यांतल्या एका नगावर रेघ दिसली आहे. तडा आहे की ओरखडा, नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही."

आता डाय हेच कारण, हा गृहीत धरलेला आधार डळमळतो. शिवाय डोळ्यांनी केलेल्या तपासणीवर किती भरवसा ठेवायचा, हा नवा प्रश्न उभा राहतो. इथे गट काय करतो ते बारकाईने पाहा. काही गट "ओरखडाच असणार" म्हणून दोन मिनिटांत पुढे जातात. ओरखडा असावा असं वाटण्याला त्यांच्याकडे कसलाही पुरावा नसतो. फक्त नुकत्याच सापडलेल्या तोडग्यावर जीव जडलेला असतो. पुढच्या चर्चेतला सगळ्यात मोलाचा क्षण हाच.

बातम्या एक किंवा दोनच ठेवा. पाच बातम्या दिल्या की गट विचार करणं सोडतो आणि पुढची काय येतेय याची वाट पाहतो. आणि बातमी शिक्षेसारखी नको: चांगला चाललेला गट पाहून त्याला मुद्दाम पाडायचं, असं वाटलं की लोक सरावाशी नव्हे, तुमच्याशी लढायला लागतात.

पाचवी पायरी: आधी चाचणी

ज्यांना हे काम रोज करावं लागतं अशा दोघा-तिघांना प्रसंग वाचायला द्या. दोन गोष्टी ऐका. "असं आमच्याकडे होतच नाही" हे आलं तर तपशील चुकला आहे. तो त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. तीन मिनिटांत तिघांचं एकच उत्तर आलं तर निर्णय पुरेसा अवघड नाही. पहिल्या पायरीकडे परत जा.

सहावी पायरी: गट आणि खोली

गट चार किंवा पाच जणांचा. सहाव्या माणसापासून कुणीतरी खुर्ची मागे सरकवून बसतो. विभाग मिसळा, आणि शक्य असेल तर प्रत्येकाला स्वतःच्या नसलेल्या विभागाची चिठ्ठी द्या. सेल्सच्या माणसाने क्वालिटीची बाजू लढवली की त्याच्या पुढच्या फोनची भाषा थोडी तरी बदलते.

साहेब आणि त्याच्या हाताखालचे लोक एकाच गटात नकोत. साहेबाला बाहेरही काढू नका. त्याला दुसऱ्या गटात बसवा किंवा निरीक्षक करा. निरीक्षक प्रत्येक गटाला एक हवाच. त्याने बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, फक्त टिपायचं: कोणती माहिती केव्हा बाहेर आली, कुणाचं वाक्य अर्धवट तुटलं, निर्णय कोणत्या क्षणी झाला, आणि तो झाल्याचं कुणी मोठ्याने म्हटलं का. वेळेसकट. "चांगलं टीमवर्क दिसलं" ही नोंद नाही. "पाचव्या मिनिटाला डिस्पॅचने दुसऱ्या गाडीचं सांगितलं, कुणी प्रतिसाद दिला नाही, सतराव्या मिनिटाला परत सांगितलं" ही नोंद.

सुरू करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करा आणि एचआरकडूनही वदवून घ्या: इथे जे होईल ते अप्रेझलमध्ये जाणार नाही. टीम कशा शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला. चुकलं किंवा शंका विचारली तर आपली शोभा होणार नाही, असा भरवसा जिथे होता त्या टीम जास्त शिकत होत्या. हा भरवसा "मोकळेपणाने बोला हं" म्हणून येत नाही. नोंदी कुणाकडे जाणार, कोण वाचणार, हे सांगितल्यावर येतो. आणि दिलेला शब्द एकदा मोडला की पुढच्या बॅचमध्ये सगळे पुन्हा "नियमाप्रमाणे करू" म्हणतात.

सातवी पायरी: प्रत्यक्ष सराव

दीड तासाचं सेशन असेल तर माझी वाटणी अशी: मांडणीला १० मिनिटं, एकट्याने विचाराला ५, गटाच्या कामाला २५, गटांनी निर्णय सांगायला १०, आणि उरलेली ४० मिनिटं चर्चेला. आयोजक दर वेळी चर्चेचीच मिनिटं कापायला बघतात. तसं करण्यापेक्षा दुसरा प्रसंग रद्द करा. एका दिवसात चार प्रसंग उरकण्यापेक्षा दोन पुरते खणलेले बरे.

एकट्याने विचार करायची ५ मिनिटं वगळू नका. प्रत्येकाने आपला कच्चा निर्णय दोन ओळींत लिहून काढायचा, मगच तोंड उघडायचं. मानसशास्त्रज्ञ सोलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत: रेघांची लांबी सांगण्याइतक्या उघड गोष्टीतही, बाकी सगळे चुकीचं बोलत असले की बरेच लोक त्यांच्यासारखंच बोलत. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायला सांगितलं की हे प्रमाण बरंच उतरत असे. कागदावर लिहिलेलं मत गटात हरलं तरी चालेल, पण ते होतं याचा पुरावा उरतो आणि चर्चेत कामाला येतो.

गटाकडून निर्णय असा मागा की पळवाट राहणार नाही. "तुमचा दृष्टिकोन काय?" असं विचारलं की फ्लिपचार्टवर सुविचार येतात. "ग्राहकाला फोनवर काय बोलाल, ती वाक्यं लिहा" म्हटलं की खरं ते बाहेर येतं. गाडीत किती नग, कुणाच्या सहीने, किती वाजता.

सराव चालू असताना ट्रेनरने करायचं थोडं आणि न करायचं बरंच असतं. प्रशियाच्या (जुन्या जर्मन राज्याच्या) सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने युद्धसराव नकाशावर आणला. पंच, फासे, नियमांचे तक्ते असा मोठा पसारा होता. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने तक्ते बाजूला ठेवून निकाल अनुभवी पंचाच्या समजेवर सोडायची पद्धत मांडली. आजच्या ट्रेनरची जागा त्या पंचाची आहे. गटाने अनपेक्षित काही विचारलं, उदाहरणार्थ "क्वालिटी हेडच्या हाताखालच्याला परवानगी देता येते का?", तर क्षणात वाजवी उत्तर द्या, सगळ्या गटांना तेच सांगा आणि पुढे चला. "तसं चिठ्ठीत नाही" हे सगळ्यात वाईट उत्तर.

अडचणी ठरलेल्या असतात. एकच माणूस बोलतोय? त्याला गप्प करू नका. त्याला फळ्याजवळ उभं करून बाकीच्यांचं म्हणणं लिहायला लावा. गट थंड बसलाय? "पहिल्या पाच मिनिटांत काय कराल, तेवढंच सांगा" म्हणून निर्णय लहान करा. कुणी प्रसंगावरच भांडतोय, "आमच्याकडे गाडी एवढा वेळ थांबतच नाही"? "बरोबर, मग तुमच्याकडे किती थांबते? तेवढी धरा." वाद जिंकायचा प्रयत्न करू नका. दहाव्या मिनिटालाच "झालं आमचं" म्हणणाऱ्या गटाला विचारा: "हा निर्णय उद्या फसला असं धरा. कशामुळे फसला असेल?" मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी प्रकल्पांसाठी हीच युक्ती पुढे आणली: काम सुरू होण्याआधीच ते फसल्याचं गृहीत धरून कारणं शोधायची. घाईने संपवलेल्या गटाला हा प्रश्न पुन्हा खुर्चीत बसवतो.

आठवी पायरी: चर्चा

शिकणं होतं ते इथे. सराव हा चर्चेसाठी जमवलेला पुरावा असतो. स्कॉट टॅनेनबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली या संशोधकांनी २०१३ मध्ये आधीच्या अभ्यासांतल्या ४६ नमुना-गटांवरचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा नीट घेतलेल्या अशा चर्चांमुळे कामगिरी सरासरी २० ते २५ टक्क्यांनी सुधारल्याचं दिसलं. नीट घेतलेल्या, हे महत्त्वाचं.

सुरुवातीला दोन मिनिटं वाफ जाऊ द्या. "कसं वाटलं?" एवढंच विचारा. कुणी चिडलेला असतो, कुणी अजून डिस्पॅचशी भांडतोय. ते आधी बाहेर आलं नाही तर प्रत्येक मुद्द्यात डोकावत राहतं.

मग अमेरिकी सैन्यात रूढ झालेले चार प्रश्न घ्या, याच क्रमाने: काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? तसं का झालं? पुढच्या वेळी काय करायचं? क्रम मोडू नका. माणसं दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतात: "आम्ही आधीच विचारायला हवं होतं." ते खरं असतं, पण का विचारलं नाही हे न कळता पुढच्या वेळीही विचारलं जात नाही. तिसऱ्या प्रश्नावर मुक्काम करा.

मुक्काम म्हणजे साधारण असं. निरीक्षकाची नोंद आहे की दुसऱ्या गाडीची माहिती पाचव्या मिनिटाला आली आणि सतराव्या मिनिटाला वापरली गेली.

"पाचव्या मिनिटाला तुम्ही सांगितलंत. मग काय झालं?"

"कुणी काही बोललं नाही."

"मग तुम्ही काय धरून चाललात?"

"वाटलं, त्यांना ते कामाचं नसेल."

"बाकीच्यांना तेव्हा ते ऐकू आलं होतं का?"

"आलं होतं. पण आम्ही सहाच्या गाडीत काय चढवायचं तेच बघत होतो. प्रश्नच तो होता ना."

इथे थांबा. कुणीतरी स्वतःहून म्हणेल की प्रश्नच अरुंद धरला गेला. ते तुम्ही म्हणू नका. प्रश्नाची चौकट तुम्हीच तशी लिहिली होती, हेही कबूल करा. कामावर साहेबही प्रश्न असेच लिहून देतात.

प्रश्न विचारताना "का केलंत?" पेक्षा "तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?" हा प्रश्न जास्त देतो. पहिल्याने माणूस बचाव करतो, दुसऱ्याने आठवतो. आणि स्वतःला दिसलेलं लपवून कोड्यात बोलू नका. "तुम्हाला काही खटकलं का?" असं पाच वेळा विचारून मनातलं उत्तर काढून घेण्यापेक्षा सरळ सांगा: "मला असं दिसलं की रेघेची बातमी दोन मिनिटांत बाजूला पडली. मला त्याची काळजी वाटली. तुमच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं?"

न विचारलेल्या माहितीवरही वेळ द्या. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या चॅलेंजर या अंतराळयानाच्या उड्डाणाआधी इंजिनियरांनी थंडीचा आणि रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांच्या बिघाडाचा संबंध तपासला, पण त्यांच्यासमोर होती ती फक्त बिघाड दिसलेल्या उड्डाणांची तापमानं. बिघाड न झालेल्या उड्डाणांची तापमानं शेजारी मांडली असती तर ती सगळी उबदार दिवसांची होती, हे लगेच दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. आपल्या नमुन्यात तसा प्रश्न असा: बाकीच्या १९ नमुन्यांपैकी किती दोनआधीचे होते? हे विचारणारा गट क्वचित भेटतो. विचारलंच तर काय सांगायचं, ते आधी ठरवून ठेवा.

शेवटी "मग बरोबर उत्तर काय?" हा प्रश्न येणारच. जिथे कायदा, सुरक्षितता किंवा कंपनीचा लेखी नियम आहे तिथे गोलमोल बोलू नका. परवानगीशिवाय लॉटचे भाग करता येत नाहीत, हे स्पष्ट सांगा. जिथे खरोखर दोन मतं होतात तिथे दोन्ही निर्णयांची किंमत मांडा आणि सोडून द्या. सगळं "तुमचं तुम्ही ठरवा" वर सोडणारा ट्रेनर आणि सगळ्याचं एकच उत्तर सांगणारा ट्रेनर, दोघांच्या चर्चेतून लोक रिकाम्या हातांनी जातात.

छळ, भेदभाव, धमकी असे विषय असतील तर वेगळी काळजी घ्या. कुणालाही त्रास सोसणाऱ्याची किंवा देणाऱ्याची भूमिका करायला लावू नका. गटाला तिसऱ्या माणसाच्या जागी बसवा: तुमच्यासमोर हे घडलं, किंवा सहकारी तुम्हाला हे सांगायला आली, आता काय? खोलीतून उठून जायची मुभा आधीच जाहीर करा, आणि कुणी गेलं तर कारण विचारू नका.

नववी पायरी: सराव कामावर नेणं

बाहेर पडण्याआधी प्रत्येकाने "जर-तर" चं एक वाक्य लिहायचं. "मी जास्त ऐकून घेईन" हे चालणार नाही. "मी दिलेल्या माहितीवर कुणी काहीच बोललं नाही, तर मी ती परत सांगेन आणि 'ही वापरायची की नाही?' असं विचारेन." प्रसंगाची खूण आणि करायची कृती, दोन्ही त्यात हवीत.

फीडबॅक फॉर्मवरच्या ताऱ्यांवर फार विसंबू नका. ट्रेनिंगचा उपयोग कसा मोजायचा यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पातळ्यांत सहभागींना कसं वाटलं ही पहिलीच पातळी. शिकले काय, वागणं बदललं का आणि कामावर परिणाम काय, या तीन तिच्यापुढे आहेत. प्रसंग-सराव लोकांना आवडतोच, त्यामुळे पहिल्या पातळीवर तो नेहमी पास होतो. तीन-चार आठवड्यांनी त्यांच्या मॅनेजरसोबत अर्धा तास बसा आणि जर-तरच्या वाक्यांतली कोणती वापरायची वेळ आली, आली तेव्हा काय झालं, एवढंच विचारा. ज्या नोंदवहीतून प्रसंग काढला होता तीच काही महिन्यांनी परत उघडा.

ऑनलाइन घ्यायचं असेल तर गट तिघा-चौघांचे करा, चिठ्ठ्या खासगी संदेशाने पाठवा आणि निर्णय सामायिक कागदावर लिहायला लावा. निरीक्षक कॅमेरा बंद ठेवून बसू शकतो, पण तो तिथे आहे हे सांगून. वेळ प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त धरा, कारण पडद्यावर एकमेकांचं बोलणं तुटायला वेळ लागत नाही आणि जुळायला लागतो.

प्रसंगालाही आयुष्य असतं. दोन-तीन बॅच झाल्या की चहाच्या वेळेत उत्तरं फिरू लागतात: "दोनआधीचे चारशे काढा म्हणजे झालं." तेव्हा पूर्ण नवा प्रसंग लिहायची गरज नाही. निर्णय तोच ठेवा, चिठ्ठ्या बदला: डाय बदललीच नव्हती, ग्राहकाला ४०० नाही तर ८०० लागणार आहेत, क्वालिटी हेड फोनवर आहेत पण घाईत "तुम्हीच बघा" म्हणून ठेवून देतात. जुनं उत्तर पाठ करून आलेला माणूस नव्या चिठ्ठ्यांवरही तेच उत्तर ठोकून देतो का, हे पाहायला निरीक्षकाला आधीच सांगून ठेवा.